कमी वजनाचं बाळ, दमा आणि इसब: गर्भातला कोणता आठवडा महत्त्वाचा?

खारफुटी (धागाकर्ता)

‘बाळ सव्वादोन किलोचं जन्मलं, पुढे दमा होणार का?’ आरोग्याच्या दर दुसऱ्या धाग्यावर हा प्रश्न येतो आणि त्याला ठरलेली दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे ‘काही होत नाही हो, पूर्वी सगळी असलीच असायची’, आणि दुसरं ‘वजन कमी म्हणजे छाती कमजोर’. दोन्ही उत्तरं जन्मवजनावरच अडकलेली आहेत. जन्मवजन म्हणजे पासबुकातली शेवटची शिल्लक. पैसे कधी आले आणि कधी आटले, हे त्यावरून कळत नाही. फुप्फुसाच्या बाबतीत सगळा खेळ त्या ‘कधी’चा आहे, म्हणून हा वेगळा धागा.

आधी वेळापत्रक. चौथ्या आठवड्यात अन्ननलिका जिथे होणार तिच्या पुढच्या भिंतीतून एक कोंब फुटतो. पाचव्यापासून सतराव्या आठवड्यापर्यंत त्याला फांद्या फुटत राहतात. सोळाव्या-सतराव्या आठवड्यात श्वासनलिकांचं झाड पुरं झालेलं असतं आणि फांद्यांची संख्या तिथे कायमची ठरते; नंतर त्या फक्त लांब आणि जाड होतात. १६ ते २६ आठवड्यांत रक्तवाहिन्या जवळ येतात, २६ ते ३६ मध्ये टोकाला पिशव्या तयार होतात आणि खरे वायुकोश छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होऊन जन्मानंतरही काही वर्षं वाढत राहतात. दम्यात आवळते ती नळी, वायुकोश नव्हे. म्हणजे जो भाग पुढे त्रास देणार, त्याचा साचा पहिल्या चार महिन्यांतच पडतो. कित्येकींचं पोट तेव्हा नीट दिसायलाही लागलेलं नसतं.

प्रतिकारशक्तीचं वेगळंच चाललेलं असतं. टी-पेशी थायमस ग्रंथीत शिकून चौदाव्या-पंधराव्या आठवड्यापासून रक्तात उतरू लागतात आणि ते शिक्षण पुढे चालू राहतं. दोन खाती, दोन वेळापत्रकं.

इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या एका अभ्यासात हे फार सुरेख दिसलं. १९९८ ते २००२ मध्ये तिथल्या साडेबारा हजार बायकांची नोंद *गरोदर राहण्याआधीच* केली होती. पुढे ज्या गरोदर राहिल्या त्यांच्या सोनोग्राफी ११, १९ आणि ३४ व्या आठवड्यात झाल्या. त्यांतली सुमारे दीड हजार मुलं तीन वर्षांची झाल्यावर तपासली. गर्भात सुरुवातीपासूनच हळू वाढलेल्या मुलांत ॲलर्जीशिवायची घरघर जास्त होती. ११ ते १९ आठवड्यांत झपाट्याने वाढून मग १९ ते ३४ मध्ये ज्यांच्या पोटाच्या घेराची वाढ मंदावली, त्यांच्यात त्वचेची ॲलर्जी चाचणी जास्त वेळा होकारार्थी आली. या दोन्ही गटांतली दोन मुलं जन्मवजनात सारखी भरू शकतात.

---

प्रोबवाली

चांगला विषय. सोनोग्राफीच्या बाजूने एक मोठा खड्डा दाखवते, कारण यात भलेभले पडतात.

पहिल्या तिमाहीत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, तिला आम्ही सीआरएल म्हणतो. एनटी स्कॅनला, म्हणजे गर्भाच्या मानेमागची जाडी मोजतात त्या सोनोग्राफीला, ती ४५ ते ८४ मिलिमीटरच्या मध्ये हवी. या वयात गर्भ रोज साधारण दीड मिलिमीटर वाढतो. समजा पाळीच्या तारखेप्रमाणे बरोबर १२ आठवडे झालेत, तर सीआरएल ५४ च्या आसपास यायला हवा. आला ४७. मशीन सांगतं ‘११ आठवडे ३ दिवस’. आता हे बाळ लहान आहे, की गर्भधारणाच चार दिवस उशिरा झाली? मशीनला ते कळत नाही. ते सरळ दुसरं गृहीत धरतं. रिपोर्टावर बाळंतपणाची नवी तारीख येते आणि लहान असलेलं बाळ त्या क्षणी ‘वयाच्या मानाने अगदी बरोबर’ होऊन जातं. सुरुवातीची वाढ मंद असल्याचा पुरावा जिथे मिळायचा तिथेच पुसला जातो.

ब्रिटनमध्ये तर या स्कॅनवरूनच तारीख ठरवायची पद्धत आहे. अमेरिकी नियमात ९ ते जवळपास १४ आठवड्यांत फरक ७ दिवसांपेक्षा जास्त असेल तरच पाळीची तारीख सोडायची, ९ आठवड्यांच्या आत ५ दिवसांपेक्षा जास्त असेल तर. वरच्या उदाहरणात चारच दिवसांचा फरक आहे, म्हणजे या नियमाने पाळीची तारीखच राहायला हवी. म्हणून फाइलवर दोन्ही तारखा लिहून घ्या: पाळीची, आणि सोनोग्राफीची. पाळी नियमित होती का, आधीच्या तीन महिन्यांत गोळ्या चालू होत्या का, हेही. पहिल्या तिमाहीच्या वाढीबद्दल कुणीही काही सांगितलं की पहिला प्रश्न हाच, ‘दिवस कशावरून धरले?’

दुसरी गोष्ट पोटाच्या घेराची. वाढ खुंटली की सर्वांत आधी हाच घेर मंदावतो, कारण यकृतातला साठा घटतो. आणि चुकायलाही हाच सर्वांत सोपा. आडवा छेद गोल यायला हवा, जठराचा काळा फुगा दिसायला हवा, नाळेची शीर यकृतात वळते तो हॉकीच्या काठीसारखा बाक दिसायला हवा आणि मूत्रपिंडं दिसता कामा नयेत. ती दिसली म्हणजे छेद खाली गेला. प्रोब जोरात दाबला की गोलाचा लंबगोल होतो आणि घेर बदलतो. माप कातडीच्या बाहेरच्या कडेने घ्यायचं, बरगडीच्या नाही.

अंदाजे वजनाच्या सूत्रात साधारण १५ टक्के इकडेतिकडे धराच. रिपोर्टात अडीच किलो लिहिलं असेल तर बाळ २१०० ग्रॅमचं असू शकतं, २९०० चंही. त्यामुळे दोन आठवड्यांच्या आत पुन्हा स्कॅन करून ‘वाढ झाली नाही’ म्हणण्यात अर्थ नाही; मापनातली चूकच खऱ्या वाढीपेक्षा मोठी ठरते.

---

गवतीचहा

@प्रोबवाली, तारखेचा मुद्दा माहीत नव्हता, फारच उपयोगी. पण मग स्कॉटलंडमधल्या अबर्डीनच्या संशोधकांनी पहिल्या तिमाहीतल्या लांबीचा पुढच्या घरघरीशी संबंध जोडला, त्यांनी ते माप कसं वापरलं? तिथेही तारीख सोनोग्राफीवरूनच धरत असतील ना?

---

आकडेमोड

तोच त्या अभ्यासाचा कस आहे. अबर्डीनमध्ये १९९७ ते १९९९ दरम्यान सुमारे दोन हजार गरोदर बायका घेतल्या होत्या. वाढीचा हिशेब करायचा तर पाळीची तारीख खात्रीची हवी. ती जिथे आहे तिथेच ‘या दिवसाला गर्भ केवढा होता’ याला अर्थ राहतो. पहिल्या तिमाहीत लांबीला जास्त असलेल्या गर्भांना पाचव्या वर्षी घरघर कमी आणि फुंकण्याची ताकद जास्त, असं निघालं. दहाव्या वर्षीही दिशा तीच राहिली. उशिरा झालेल्या गर्भधारणेचा थोडा गोंधळ मात्र अशा कुठल्याही अभ्यासात उरतोच, कारण पाळीची तारीख पक्की असली तरी बीज कधी फळलं हे कुणी पाहिलेलं नसतं.

जन्मवजनावर का विसंबू नये, याचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा ॲमस्टरडॅमचा आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली आणि शहराचं रोजचं रेशन माणशी ४०० ते ८०० कॅलरींवर आलं. उपासमार काही महिन्यांतच संपली, त्यामुळे कोणत्या बाळाला गर्भातल्या कोणत्या महिन्यात झळ लागली हे नेमकं सांगता येतं. शेवटच्या तिमाहीत उपासमार सोसलेली बाळं जन्मताना हलकी होती. सुरुवातीला सोसून नंतर आईला पोटभर मिळालं, ती बाळं वजनाला व्यवस्थित. पन्नाशीला या लोकांना तपासलं तेव्हा श्वासनलिका चोंदण्याचे आजार कुणात जास्त निघाले? सुरुवातीच्या आणि मधल्या महिन्यांत झळ लागलेल्यांत. हलक्या जन्मलेल्यांत नव्हे. आणि रक्तातल्या आयजीई या ॲलर्जीच्या प्रथिनात गटागटांत फरक नव्हता. म्हणजे बिघाड नळीत होता, ॲलर्जीत नाही.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरची नोंदवही याच्या बरीच आधीची. १९११ पासून तिथल्या दाया आणि आरोग्यसेविकांनी प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन शाईने लिहून ठेवलं होतं. संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या गटाने ती बाळं म्हातारी झाल्यावर शोधली. साठीतल्या पुरुषांमध्ये जन्मवजन एक पौंडाने, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमने कमी, तर पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा सरासरी ६० मिलिलिटरने कमी भरली. आणि पहिल्या वर्षात न्यूमोनिया किंवा ब्राँकायटिस झाला असेल तर १७० मिलिलिटरने. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा म्हणजे जन्मवजनाचा बाऊ किती करायचा ते कळेल.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. म्हैसूरच्या एका इस्पितळात १९३४ ते १९५३ मध्ये जन्मलेल्यांच्या नोंदी टिकून होत्या. त्यांतली माणसं चाळीस-पन्नाशीत तपासली, तर तिथेही कमी जन्मवजन आणि कमी फुंक असंच नातं आलं.

---

शेंगदाणाकूट

इथवर सगळं ‘लहान बाळ, जास्त त्रास’ असं चाललंय. ॲलर्जीत हे उलटं आहे, ते कुणी लिहिलेलं दिसत नाही.

जन्मवजन जितकं जास्त तितका लहानपणी इसब आणि अन्नाची ॲलर्जी जास्त. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात जुळ्यांपैकी गर्भात कमी वाढलेल्याला इसब कमी निघाला. जुळी एकाच घरात, एकाच आईच्या पोटात वाढलेली, त्यामुळे ‘गरिबी’, ‘शहर’, ‘मांजर पाळलं होतं’ वगैरे सगळे बहाणे कटाप. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संशोधकांनी मेंढ्यांवर तर थेट प्रयोगच केला: वार लहान राहील अशी व्यवस्था करून कोकरं गर्भात खुंटवली, मग त्यांना धुळीतल्या किड्याचं प्रथिन टोचलं. खुंटलेल्या कोकरांची त्वचा कमी सुजली.

म्हणून ‘दमा-ॲलर्जी’ असा जोडशब्द करून एकच कारण शोधणं मुळातच गंडलेलं आहे. शीर्षकात ‘दमा आणि इसब’ लिहिलंत, पण लेखात त्यातला इसब कुठे आहे?

---

खारफुटी

@शेंगदाणाकूट, हरकत मान्य, आणि माझ्याच मुद्द्याला अडचणीत आणणारी आहे. कारण साउदम्प्टनमध्ये उशिरा खुंटलेल्यांतच त्वचेची चाचणी जास्त होकारार्थी आली होती. तुमच्या मेंढ्या म्हणतात खुंटलं की ॲलर्जी कमी.

हा तिढा थोडा सैल करता येतो. त्वचेच्या चाचणीत गांधी उठली याचा अर्थ शरीराने ओळख धरून ठेवली आहे, आजार झालाच असा नाही. अंड्याची गांधी उठणारी कित्येक मुलं अंडं मजेत खातात. इसबात त्वचेचा बांध कच्चा असणं हेही मोठं कारण, आणि त्याचा थायमसशी थेट संबंध नाही. दुसरं म्हणजे, साउदम्प्टनच्या त्या गटात आधी *झपाटा* होता आणि मग मंदी. आधी मोठं घर बांधायला घेतलं आणि मध्येच सिमेंट संपलं, असं. अशा वेळी गर्भ रक्त डोक्याकडे वळवतो. डोकं मोठं आणि पोट बारीक अशा बाळांत मोठेपणी आयजीई जास्त असल्याचं बार्करांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच मांडलं होतं. सुरुवातीपासून सगळीकडूनच लहान राहिलेलं कोकरू हा वेगळा प्रकार.

पूर्ण सुटला असं मात्र मी म्हणणार नाही.

---

आकडेमोड

अजून एक चाळणी लावायला हवी, ती म्हणजे दिवस भरले होते का. युरोपातल्या ३१ अभ्यासांतल्या जवळपास १ लाख ४७ हजार मुलांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा कमी जन्मवजन आणि दमा यांचं नातं बरंचसं ‘अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण’ या एकाच गोष्टीत विरघळलं. ३५ व्या आठवड्यात सव्वादोन किलो हे वयाला धरून आहे. ३९ आठवडे भरून सव्वादोन किलो, ही खुंटलेली वाढ. काट्यावर दोन्ही सारखी. धाग्याच्या पहिल्या ओळीतल्या प्रश्नात आठवडे नाहीत, म्हणून त्या प्रश्नाला उत्तरच नाही.

वयाच्या मानाने लहान की नाही हे बघायला कुठला तक्ता वापरता तेही महत्त्वाचं. ‘भारतीय बाळं लहानच असतात’ म्हणून सूट देणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय तक्ते करताना जगातली जी आठ ठिकाणं घेतली त्यांत नागपूर होतं. धडधाकट, खाऊन-पिऊन बऱ्या आयांच्या गर्भांची वाढ तिथे आणि ऑक्सफर्डला जवळजवळ सारखीच निघाली.

युरोपातल्या त्या एकत्रित आकडेवारीतली दुसरी गोष्ट जास्त कामाची: जन्मानंतर वजन फार भराभर वाढलेल्या मुलांत घरघर आणि दमा जास्त.

---

गवतीचहा

म्हणजे हलकं बाळ घरी आल्यावर सगळं घर त्याला गुटगुटीत करायच्या मागे लागतं, ते चुकीचं?

---

दुधावरचीसाय

हो, आणि हा भाग सविस्तर लिहायला हवा, कारण गर्भातले आठवडे परत येत नाहीत पण हे हातात असतं.

दिवस भरलेल्या बाळाचं वजन पहिले दहा-बारा दिवस थोडं उतरून परत जाग्यावर येतं आणि मग पहिले तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं. एवढं होत असेल तर काहीही वर घालायची गरज नाही, बाळ शेजारणीच्या बाळापेक्षा बारीक दिसलं तरी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा हिशेब वेगळा, किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम, आणि तो नवजात कक्षातल्या डॉक्टरांनीच ठरवायचा. त्यांना कमी पडू देणंही धोक्याचं, कारण मेंदू वाढत असतो. म्हणून ‘भराभर वजन वाईट’ हे वाचून सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं दूध कुणी तोडू नका.

नेहमीच्या चुका सांगते. डब्याचं दूध घट्ट करणं: बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक *सपाट* चमचा लिहिलेलं असतं, घरात तो शीग लावून भरतात. बाटलीत रव्याची पेज किंवा बिस्किट. चौथ्या महिन्यात नाचणीसत्व, ‘वजन धरत नाही’ म्हणून. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वजन दर महिन्याला त्याच काट्यावर, कपडे काढून, आणि मापं तक्त्यावर बिंदू म्हणून टाकायची. एका बिंदूकडे बघू नका, रेषा बघा. रेषा दोन पट्टे ओलांडून वर चढत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवायचं कारण आहे. कौतुकाचं नाही.

आणि धुरी. न्हाऊ घातल्यावर शेगडीत निखारे, त्यावर वेखंड, ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं टाकून बाळ त्या धुरावर धरायचं. जन्मतः अरुंद नळ्या असलेल्या बाळाला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. नळीची त्रिज्या कमी झाली की हवा जाण्याचा अडथळा चौथ्या घाताने वाढतो. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून एक मिलिमीटर सूज आली की त्रिज्या दोनाची एक होते आणि अडथळा सोळा पट. मोठ्या माणसाच्या रुंद घशाला तीच सूज जाणवतही नाही. आजीला ‘धूर वाईट’ म्हणून पटत नाही. पातळ स्ट्रॉ आणि जाड स्ट्रॉ देऊन फुंकायला सांगा, लगेच पटतं. नाकात तेल सोडणं हे त्याच जातीचं: तेल खोकल्याने बाहेर येत नाही, फुप्फुसात उतरून बसतं आणि त्याचा वेगळाच न्यूमोनिया होतो.

---

खारफुटी

धुरीबद्दल शंभर टक्के सहमत.

याला जोडून ॲरिझोनातल्या टूसॉनचा अभ्यास सांगतो, कारण घाबरलेल्या पालकांना धीर यावा असं त्यात बरंच आहे. १९८० पासून तिथे १२४६ नवजात बाळं नोंदवली. काहींची श्वासाची क्षमता *पहिली सर्दी होण्याच्या आधीच* मोजून ठेवली. सहा वर्षांनी चार गट पडले. निम्म्यांना कधीच घरघर नव्हती. सुमारे २० टक्क्यांना पहिल्या तीन वर्षांत झाली आणि सहाव्या वर्षापर्यंत गेली. १५ टक्क्यांना तीन वर्षांनंतर सुरू झाली. आणि १४ टक्क्यांना आधीपासून होती ती राहिली. गंमत अशी की जन्मतःच क्षमता कमी होती ती दुसऱ्या गटाची, म्हणजे ज्यांची घरघर गेली त्यांची! नळी लहान, सर्दीत शिटी वाजते, मूल वाढलं की नळी रुंदावते आणि शिटी थांबते. जी मुलं पुढे खरोखर दमेकरी राहिली, त्यांची क्षमता सुरुवातीला ठीक होती. त्यांच्यात आयजीई आणि आईचा दमा जास्त होता.

त्यामुळे ‘गर्भात वाढ कमी झाली’ याचा घरगुती अर्थ असा: पहिली तीन वर्षं सर्दी छातीत उतरण्याची शक्यता जास्त. जन्माचा दमा असा नाही. फुंकण्याची कमाल ताकद विशी-पंचविशीत गाठली जाते, ती या मुलांत थोडी खालीच राहते. म्हणून सिगारेट ओढायची चैन अशा माणसाला इतरांहून कमी परवडते.

---

शेंगदाणाकूट

म्हणजे आता तंबाखूवर या. आपल्याकडे गरोदर बाई सिगारेट ओढत नाही म्हणून हा मुद्दा सोडून देतात, आणि सकाळी मिश्री लावतात ती कुणी विचारतच नाही. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये आला. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी. निकोटीन हिरडीतून जाऊन वार ओलांडतं, त्याला धूर लागत नाही. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की उत्तर नाही असंच येतं. ‘दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?’ असं विचारायचं. तीन-चार वेळा घासते म्हणाली की समजायचं.

जिथे सिगारेट सुटतच नाही अशा अमेरिकेतल्या गरोदर बायकांना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देऊन पाहिलं. २०१४ मध्ये निकाल आला: नवजात बाळांची श्वासक्षमता सुधारली आणि पहिल्या वर्षातली घरघर ४० टक्क्यांवरून २१ वर आली. हा उपाय सिगारेट ओढणाऱ्यांवर तपासलेला आहे. मिश्रीवाल्यांनी गोळी खाऊन मिश्री चालू ठेवायची परवानगी म्हणून वाचू नये.

चूल बदलून काय होतं त्याचं उत्तर मात्र मनासारखं आलं नाही. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात मिळून तीन हजारांवर गरोदर बायकांपैकी निम्म्यांना फुकट गॅस दिला. घरातला धूर बराच कमी झाला, पण जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. बायका अभ्यासात घेतल्या त्याच नवव्या ते विसाव्या आठवड्यात, गॅस हातात आला तो त्यानंतर. वरचं वेळापत्रक बघा. झाडाच्या फांद्या तोवर बऱ्याचशा फुटून झालेल्या.

---

प्रोबवाली

पण त्यांनी मोजलं ते वजन, नळी नव्हे. या धाग्याचा सगळा सूर ‘वजन म्हणजे नळी नाही’ असा असताना त्या निकालावरून चुलीला सोडून देऊ नका.

---

शेंगदाणाकूट

बरोबर. शब्द मागे.

---

गवतीचहा

गोळ्यांचं काय? माशाचं तेल आणि ड जीवनसत्त्व घ्या असं सगळीकडे दिसतं. आणि गरोदरपणी शेंगदाणे बंद करायचे का?

---

आकडेमोड

माशाचं तेल: डेन्मार्कमध्ये ७३६ बायकांवर तपासलं, चोविसाव्या आठवड्यापासून रोज त्यातली २.४ ग्रॅम ओमेगा-३ मेदाम्लं देऊन. मुलांत टिकून राहिलेली घरघर किंवा दमा २३.७ टक्क्यांवरून १६.९ वर आला. फायदा मुख्यतः ज्यांच्या रक्तात ही मेदाम्लं मुळात कमी होती त्यांना. बाजारातल्या साध्या ‘फिश ऑइल’ कॅप्सूलमध्ये १००० मिलिग्रॅम तेल असतं पण कामाची मेदाम्लं बहुधा ३०० च असतात, तेव्हा २.४ ग्रॅमसाठी रोज आठ कॅप्सूल गिळाव्या लागतील. डबी उलटी करून मागची बाजू वाचा. बांगडा, तारली खाणाऱ्या कोकण-गोव्याच्या घरात हा खर्च करण्याआधी ताटात बघितलेलं बरं.

ड जीवनसत्त्व: अमेरिकेत रोज ४४०० एककं विरुद्ध ४०० असं तपासलं. तिसऱ्या वर्षी थोडा फरक दिसला, सहाव्या वर्षी उरला नाही. कमतरता असेल तर घ्याच, पण दमा टाळायला म्हणून नको.

शेंगदाणे आईने बंद करून काही साधत नाही. बाळालाच वेळेवर देणं कामाचं: लंडनमध्ये इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना चार ते अकरा महिन्यांपासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. प्रमाण आठवड्याला ६ ग्रॅम प्रथिन, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम दाणे, तीन वेळांत विभागून. अगदी बारीक वाटून पेजेत कालवून. अख्खा दाणा किंवा जाडसर कूट लहान मुलाला कधीच नको, श्वासनलिकेत अडकतो. इसब जोरात असेल तर पहिली वेळ डॉक्टरांसमोर.

---

दुधावरचीसाय

एक राहिलं, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं: दमेकरी बाई गरोदर राहिली की घरचे आधी तिचा पंप बंद करतात. गरोदरपणात ढोबळमानाने एक तृतीयांश जणींचा दमा बळावतो, तेवढ्याच जणींचा हलका होतो, उरलेल्यांचा तसाच राहतो. बळावलेल्या दम्यात आईचा प्राणवायू उतरतो आणि गर्भाला थेट झळ लागते. ब्युडेसोनाइडसारखं ओढायचं औषध गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात आहे. ते बंद करण्यातला धोका घेण्यातल्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा.

ओढण्याची रीतही बघा. पंप हलवा, स्पेसरला (पंपापुढे जोडायच्या पोकळ नळकांड्याला) लावा, *एकच* दाब, पाच-सहा शांत श्वास किंवा एक खोल श्वास घेऊन दहापर्यंत मोजणं, मग पुन्हा हलवून दुसरा दाब. दोन दाब एकदम दिले की औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटतं. स्पेसर कापडाने पुसला की घासून वीज साठते आणि तेच होतं. साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच निथळत ठेवायचा. शेवटी चूळ भरून थुंकायची. पोट वर चढल्यावर खुर्चीत ताठ बसून घ्यावं, आडवं पडून नको.

धाप लागून बोलताना वाक्य तुटत असेल तर सॅल्ब्युटामॉलचे (आवळलेली नळी लगेच मोकळी करणाऱ्या औषधाचे) ४ ते १० दाब, एकेक करून, दर वीस मिनिटांनी, आणि ते चालू ठेवतच दवाखान्याची वाट धरायची. बोटावरच्या यंत्रात ९४ च्या खाली आकडा गेला तर थांबायचं नाही.

---

प्रोबवाली

बाळाच्या फाइलमध्ये पुढच्या डॉक्टरांसाठी काय ठेवावं, ते लिहून मी थांबते. पहिल्या स्कॅनची दोन्ही तारखांसकट प्रत. १८ ते २२ आठवड्यांच्या स्कॅनमधला पोटाचा आणि डोक्याचा घेर, मिलिमीटरमध्ये, नुसतं ‘नॉर्मल’ नको. त्यानंतरचे सगळे वाढीचे स्कॅन. बाळंतपणाचे आठवडे अधिक दिवस, वजन, लांबी, डोक्याचा घेर. मुदतीआधीच्या कळांत फुप्फुसं पिकवण्याची इंजेक्शनं मिळाली का, किती डोस.

---

खारफुटी

आणि पाचव्या-सहाव्या वर्षी एकदा फुंकणीची तपासणी, स्पायरोमेट्री. त्याआधी मुलाला सांगितल्यासारखं जोरात, शेवटपर्यंत फुंकणं बहुधा जमत नाही आणि निकाल बिनकामाचा येतो. तपासणीच्या चार तास आधी सॅल्ब्युटामॉल नको. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, पोटभर श्वास आणि मग वाढदिवसाच्या दहा मेणबत्त्या एका दमात. तीन फुंका एकसारख्या यायला हव्यात. औषध देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकल्यावर पहिल्या सेकंदाचा आकडा १२ टक्क्यांहून जास्त वाढला तर नळी आवळलेली होती. आकडा मुळात कमी आणि औषधाने जागचा हललाच नाही, तर पंपाचा डोस वाढवत बसण्याआधी जन्माची फाइल उघडायची.